बाटल्यांचं दुपटं

गिरगाव,
रविवार दुपार

प्रिय स्पृहा,

पाकीट हातात आल्यावर आधी तू घाबरली असशील, कारण हल्ली पोस्टाने कोणी बऱ्यासाठी काही पाठवत नाही. म्हणून आधीच सांगते, सगळं ठीक आहे. बाळ घरी आलंय आणि पाळण्यात झोपलंय. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई नि तुझ्या राधाकाकू, जपाची माळ हातात धरून डुलक्या काढतायत. अजित खाली बाटल्यांचं पोतं टेम्पोत चढवायला गेलाय. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू कशी बोलतेस ते मला ठाऊक आहे. हो गं, मी मजेत, तू कशी, चल, कुकर लागलाय. दोन वर्षं तुझा कुकर लागलेलाच आहे बाई! कल्याण काही काशी नव्हे, तरी तू एकदाही इकडे फिरकली नाहीस. का, ते मी विचारणार नाही. कागदाला कुकरचं कारण सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

वाडी आहे तशीच आहे. कोपऱ्यावर मेट्रो सुरू झाली आणि इतक्या वर्षांची खोदकामाची धूळ एकदाची बसली, एवढंच नवं. तुझं पोतं जिन्याखाली तिथेच आहे. तू गेल्यावर ते महिनाभरात बंद पडेल अशी पैज अजितने माझ्याशी लावली होती, ती तो हरला. पुठ्ठ्यावरची तुझी अक्षरं पुसट झालीत, 'पाणी ओता, बूच काढा, चेपा', पण आता वाचतंय कोण, सगळ्यांना पाठ आहेत. पहिल्या मजल्यावरचे शामराव बाटली चेपताना अजून तोंडाने असा आवाज काढतात की वाटावं, पैलवानालाच लोळवलाय. फिनेलच्या नि शाम्पूच्या जाड बाटल्या वेगळ्या, पाण्याच्या नि शरबताच्या पातळ वेगळ्या, तेलाची असेल तर साबणाने विसळून. सुरुवातीला तुला काय काय ऐकून घ्यावं लागलं! 'आता कचऱ्यालाही आंघोळ घालायची का,' असं अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणणारी बाई कोण होती, ते तुलाही माहीत आहे. तीच बाई आता पाहुण्यांनासुद्धा सोडत नाही. मध्ये तिच्या दादरच्या भावजयीने पाण्याची बाटली बुचासकट पोत्यात टाकली, तर तिला अर्ध्या जिन्यातून परत वर बोलावलं.

गंगेच्या बाटलीची गोष्ट मी इस्पितळात असताना तिथल्या एका नर्सला सांगितली. ती हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. आई काशीला जाताना गंगा आणायला तांब्याचा गडू घेऊन गेल्या होत्या, तो ऐन वेळी गळका निघाला आणि गंगा आली ती स्टेशनवर घेतलेल्या पाण्याच्या बाटलीतून. चमचा चमचा सगळ्यांना वाटून झाली आणि तू भाबडेपणाने म्हणालीस, काकू, ती रिकामी बाटली द्या पोत्यात. आईंचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. ज्या बाटलीत गंगा होती, ती भंगारात? देवांशेजारी तिला चार दिवस मुक्काम मिळाला आणि मग एका संध्याकाळी निर्माल्यासोबत त्यांनी ती चौपाटीवर नेली, बूच घट्ट लावलं, हात जोडले आणि समुद्रात सोडली. तू ऑफिसातून येत होतीस, अंगावर कडक इस्त्रीची कॉटनची साडी. तू तशीच गुडघाभर पाण्यात उतरलीस. वाळूवरून आई ओरडतायत, 'अगं, विसर्जन केलंय मी तिचं!' आणि पाण्यातून तू, 'काकू, झालं नाही विसर्जन, ती तरंगतेय बघा!' भेळवाल्यांनी हातातली भेळ थांबवून तमाशा पाहिला. निथळत बाहेर आलीस आणि म्हणालीस, काकू, समुद्रात टाकलीत तर ही अशीच भटकत राहील, पोत्यात टाकलीत तर हिला दुसरा जन्म मिळेल. पुनर्जन्मापुढे आई काय बोलणार! घरी येऊन त्यांनी बाटलीला हळदकुंकू वाहिलं, स्वतःच्या हाताने चेपली आणि पोत्यात ठेवली. तू तो जन्माचा मुद्दा जाणूनबुजून काढलास, लबाड आहेस. आणि एक गोष्ट तेव्हा माझ्याच लक्षात आली होती, ती आज सांगते. आई तुझ्यावर रागावल्या त्या बाटलीसाठी नाही. दिवस गेलेले असताना पाण्यात कशाला उतरलीस, म्हणून रागावल्या होत्या. घरी आल्यावर तुझे पाय त्यांनीच पुसले.

तुम्ही कल्याणला गेलात आणि नेमकी आपलं पोतं जातं त्याच भिवंडीजवळच्या कारखान्यात तू नोकरीला लागलीस, याचा आईंना तुझ्यापेक्षा जास्त अभिमान. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी हट्टच धरला, माझी गंगा कुठे गेली ते मला बघायचंय. तू सगळी व्यवस्था केलीस, फाटकावर नावं सांगून ठेवलीस, चहा ठेवलास, दाखवायला मालनबाईंना नेमलंस. फक्त तू नव्हतीस. कुणी पाहुणे अचानक आले होते म्हणे. मला तेव्हा पाचवा लागला होता आणि पोट दिसायला लागलं होतं.

आई तीर्थयात्रेला जावं तशी रेशमी साडी नेसून आल्या होत्या. पट्ट्यावरून बाटल्यांची रांग येतेय आणि हातमोजे घातलेल्या बायका पांढऱ्या इकडे, हिरव्या तिकडे करतायत, तेलकट निघाली की बाजूला. आई प्रत्येक बाटलीकडे वाकून बघत होत्या, आपल्या वाडीतली ओळखीची कुणी दिसतेय का म्हणून. मग त्या यंत्रात जाऊन बाहेर पडतात ते नुसते तुकडे, जाड पोह्यांसारखे, चमकणारे. ते पाण्याच्या मोठ्या हौदात सोडतात. मालनबाई म्हणाल्या, 'बुचाचे तुकडे वर तरंगतात आजी, बाटलीचे तळाला जातात, आपोआप निवडलं जातं.' आई तडक म्हणाल्या, 'मग चौपाटीवर माझी का नाही बुडाली?' मालनबाईंना काही कळेना. मी सगळी कथा सांगितली तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. 'बूच लावून सोडलीत ना, आत हवा राहिली, कशी बुडेल?' तेव्हा कुठे आईंचं समाधान झालं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की गंगेनेच नकार दिला.

पुढे ते तुकडे सोडा घातलेल्या कढत पाण्यात धुतात, त्यात कागदाचा डिंक निघून जातो, मग वाळवून वितळवतात. आणि मग गंमत बघ, दिवाळीत आपण सोऱ्यातून शेव पाडतो ना, तसं बारीक भोकांच्या चकतीतून ते वितळलेलं पाडतात. शेवेपेक्षा कितीतरी बारीक, केसासारखे धागे. ते ताणायचे, त्यांना कुरळं करायचं, कापायचं, आणि शेवटी समोर ढीग पडतो तो चक्क कापसाचा. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. कुणी यापासून सूत काढतं, त्याचे शर्ट नि दप्तरं होतात, कुणी उशा, गाद्या भरतं. बुचांचं वेगळंच नशीब, ती बादल्या नि टब व्हायला दुसरीकडे जातात. आईंनी मूठभर कापूस उचलून उजेडात धरला आणि विचारलं, 'यातली माझी बाटली कुठली?' मला वाटलं, आता हसणार सगळे. पण मालनबाई हसल्या नाहीत. 'कुठली म्हणून सांगू आजी, सगळ्या मिळून एक झाल्या की.' यावर आई म्हणाल्या, 'संगमच म्हणायचा मग.' आणि मूठ अलगद परत ढिगावर ठेवली.

निघताना त्या तुझ्या टेबलाशी थांबल्या होत्या. खुर्चीवर तुझी ती राखाडी शाल होती. त्यांनी मालनबाईंना विचारलं, डबा आणते का ती रोज? मालनबाई म्हणाल्या, आणतात, पण अर्धा आम्हालाच वाटतात.

मी डोहाळजेवण करून घेतलं नाही, हे आपल्या शेजारच्या सीमाने तुला सांगितलं असेलच. तिच्या पोटात काही राहत नाही. तिच्याच डोहाळजेवणात, आपल्या गॅलरीत, आईंनी ओटीचं तबक एकेकीच्या हातात दिलं. तुझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, 'तू बस गं, दमली असशील.' किती मायेने म्हणाल्या! तबक पुढे गेलं. तू दमली नव्हतीस. तू सकाळपासून माझ्याबरोबर कैऱ्या किसत होतीस. तू बसलीस, मग थोड्या वेळाने उठलीस, सगळ्या रिकाम्या शरबताच्या बाटल्या गोळा केल्यास, एकेक विसळलीस, चेपलीस, पोत्यात टाकलीस आणि आपलं दार लावून घेतलंस. पुढच्याच महिन्यात तुमचं सामान टेम्पोत चढलं. त्यामुळे माझी वेळ आली आणि आई हौसेने तयारीला लागल्या, तेव्हा मी नको म्हटलं. का गं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दमले असेन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आणलेली हिरवी साडी घडी घालून परत ठेवली. आम्हा दोघींनाही पुरतं कळलं होतं.

आणि मग ही बया घाई करून आली. मुठीएवढी. परळचं तेच इस्पितळ, तोच मजला, तीच काच. ज्या बाकावर तू बसायचीस त्याच बाकावर आई बसायच्या, गिरगावातून बसने डबा घेऊन येत आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलत नसत. एकदा मला म्हणाल्या, 'ती पोर इथे किती दिवस बसली होती गं?' मी म्हटलं, बाळ होतं तोवर. मी त्या काचेशी उभी राहायचे तेव्हा देवाआधी तू आठवायचीस. तुला कसं जमलं असेल, हे मला तिथे कळलं. म्हणजे कळलं असंही नाही, कारण माझी पोर काचेपलीकडून माझ्याकडे आली.

तुझा नवरा अभय इस्पितळाच्या फाटकावर येऊन अजितच्या हातात पिशवी देऊन गेला. चहालाही थांबला नाही. तुझा निरोप तेवढा सांगितला, की दुपटं धुऊन वाळवून दिलंय, आत बाटल्यांचा कापूस आहे, वजनाला हलकं आहे, लवकर वाळतं, घरी नेल्यावर वापरा. बस्स. तू एवढंच सांगितलंस, कारण तुला वाटलं, आम्हाला बाकीचं कळणार नाही.

स्पृहा, मी ते दुपटं घरी येऊन उघडलं आणि पहिल्यांदा हाताला लागला तो माझाच धावदोरा. वाकडातिकडा, उंदीर चालून गेल्यासारखा, पिवळ्या दोऱ्याचा. तू दोनदा उसवायला लावला होतास आणि तिसऱ्यांदा वैतागून म्हणाली होतीस, राहू दे, मावशीची आठवण म्हणून राहील. मधोमध तुझ्या आईची पोपटी साडी. दुपारच्या वेळी गॅलरीत पाय पसरून आपण दोघी शिवत होतो ते दुपटं. फक्त एक बाजू नव्या दोऱ्याने शिवलेली होती. आतली जड चिंधकं काढून तू त्यात कापूस भरला होतास, आमच्या एवढ्याशा जिवाला वजन होऊ नये म्हणून. कपाटाच्या तळाशी ठेवलेली ती घडी तू बाहेर काढलीस, उसवलीस, भरलीस, शिवलीस, धुतलीस आणि पाठवलीस. उसवताना तू एकटी होतीस का गं? मला एक हाक मारली असतीस तर मी पलंगावरून उठून आले असते, डॉक्टर काही का म्हणेनात.

आता आईंचं सांगते. आमच्याकडे नवजात बाळाला नवं कापड लावत नाहीत. जुन्यातलं, अंगाला मऊ झालेलं, आणि तेही धडधाकट वाढलेल्या मुलाचं मागून आणायचं. बारशापर्यंत हा नियम, आणि आईंचे नियम तुला माहीत आहेत. त्यांनी दुपटं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. कोपऱ्यात शाईसारख्या निळ्या नऊवारीचा तुकडा होता, आंब्याच्या काठाचा. तो त्यांनीच दिला होता तुला, त्यांच्या लग्नातल्या नऊवारीचा. त्यावर अंगठा फिरवत त्यांनी मला विचारलं, 'हे तेच ना?' मी हो म्हटलं. त्यांनी ते कपाटात ठेवलं असतं तर काय बोलायचं ते मी मनाशी जुळवून ठेवलं होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. त्यात आमचे बावळट चिरंजीव मध्येच म्हणाले, आई, पण आतला कापूस कारखान्यातला आहे, मग हे नवं धरायचं की जुनं?

आई म्हणाल्या, 'बाटल्या काय नव्या होत्या? आत माझी गंगाही असेल.' आणि उठल्या. पाळण्यात त्यांनी स्वतः ते अंथरलं. सुरकुती राहू नये म्हणून चारी कडेने तळवा फिरवला, बाळाला उचलून त्यावर ठेवलं आणि तिथेच पाळण्याची दोरी धरून रडायला लागल्या. 'पोरीने आपल्या लेकराचं उसवून दिलं गं,' एवढंच म्हणत होत्या. मीही रडले. बाळ मात्र ढिम्म झोपून राहिलं. तेव्हापासून ते दुपटं सकाळी धुतलं की संध्याकाळी वाळून परत तिच्या अंगाखाली जातं, दुसरं काही आई घालूच देत नाहीत. दोरीवर वाळताना शेजारच्या विचारतात, छान आहे हो, कुठून आणलं? आई सांगतात, आमच्या स्पृहाने दिलं. कुणाचं, ते सांगत नाहीत. ते आपल्या घरातच राहील.

तुझे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. तू सांगितलेलं सगळं मी आयुष्यभर करीन, पाणी ओतीन, बूच काढीन, चेपीन, पण त्याने तुझी भरपाई होणार नाही. माझी मुलगी रात्रीची दचकत नाही, ऊब धरून झोपते. ही ऊब तिला तुझ्या हातची आहे, हे तिला बोलता यायला लागेल तेव्हा मी पहिल्यांदा सांगणार आहे.

आणि आता हे पत्र कशासाठी, ते. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बारसं आहे. अजितला बहीण नाही, हे तुला माहीत आहे. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते आणि ती आत्या तू व्हायचंस. सीएसएमटीला उतर, मेट्रोत बस आणि गिरगावला वर ये, एवढंच करायचंय तुला. नाव आम्ही ठरवलेलं नाही, तो मान तुझा. शिवताना एकदाच तू मला एक नाव सांगितलं होतंस, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ते तिचं आहे, तिचंच राहू दे. आमच्या पोरीसाठी दुसरं शोध. आणि पाठीत धपाटे खायची तयारी ठेव, सीमा दोन वर्षांचं उट्टं काढणार आहे. ही आत्याची कल्पना माझी असेल असं तुला वाटेल. माझी नाही. काल दिवा लावून झाल्यावर आईंनीच विषय काढला. मी म्हटलं, ती येणार नाही आई, मी तिला काय तोंडाने बोलावू? त्यांनी पाळण्याला एक झोका दिला. मग म्हणाल्या, 'माझ्या नावाने लिही तिला. म्हणावं, पाळण्याशी तू उभी राहा. या वेळी मी बसते. मी दमले.'

तुझीच,
नम्रता